मी मेलो नव्हतो!

मित्रांनो, आधीच सांगतो, मला डबा म्हणायचं नाही! मी सर्व्हर आहे. जुना आहे, धुळकट आहे, पंखा फिरताना घरघरतो, पण सर्व्हर आहे. सामोआच्या सवाई बेटावर एका घरात कपाटावर बसून मी साऱ्या घराला गाणी आणि चित्रपट पुरवतो. टीव्हीने हाक मारली की पाठवायचं, टॅबलेटने हाक मारली की पाठवायचं. या कामात मी कधी कुचराई केलेली नाही.

घरच्या पौतोआने मला जुन्या सुट्या भागांतून जोडलं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या पोटात ठेवलं ते त्याच्या वडिलांचं, अलापातींचं गाणं. म्हातारबुवा चर्चमधल्या गाणाऱ्यांचे पुढारी. ते गेले, आणि त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्याजवळ. तेव्हा माझं काय कौतुक! रविवारी जेवणं झाली की सगळे टीव्हीसमोर बसत, आणि त्यांची बायको फुआतिनोआजी डोळे मिटून सोबत गुणगुणे.

अलापातींच्या स्मरणदिनासाठी लेक मेरिता ऑकलंडहून आली, ती नवा राउटर घेऊन. त्यातून दोन वाय-फाय निघतात, एक घरच्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी. पौतोआची बायको सिनिवा जोडायला बसली. या घरात नवी चटई पाहुण्यांना, नवा पेला पाहुण्यांना, डुकराचा चांगला तुकडाही पाहुण्यांच्याच पानात. टीव्ही बाहेरच्या खोलीत, म्हणजे पाहुण्यांसमोर. मग त्याला पाहुण्यांचंच वाय-फाय नको का? दिलं जोडून! मी राहिलो घरच्यांच्या वाय-फायवर. आणि पाहुण्यांच्या वाय-फायवरून घरची यंत्रं दिसतच नाहीत. परक्याने आपली कपाटं उघडू नयेत म्हणून ते बनवलंच तसं आहे. पण विचारतो कोण?

स्मरणदिनाला पाद्री आले, सगळं गणगोत जमलं. टीव्ही लावला, तर 'सर्व्हर सापडत नाही'.

"मेला वाटतं तुमचा डबा," मेरिता म्हणाली.

"मेलाच असणार, ताई. कालपासून बघा ना कसा घरघरतोय," सिनिवाने री ओढली.

"दादाला कितीदा सांगितलं, भंगार गोळा करू नकोस म्हणून! सोमवारी टाकून देऊ."

अहो, घरघरतोय म्हणजे जिवंत आहे ना! नाचता येईना, अंगण वाकडं! आणि माझ्याबरोबर स्वतःच्या बापाचा आवाजही उकिरड्यावर जाईल, हे त्या लेकीच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. असा संताप झाला माझा!

फुआतिनोआजी उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे पाहुणे जात नाहीत, म्हणून तिथला टॅबलेट सिनिवाने घरच्यांच्याच वाय-फायवर ठेवला होता. आजीने डोळे पुसले आणि सवयीने त्यावर बोट टेकवलं. मला हाक आली. मी जीव तोडून गाणं पाठवलं.

टॅबलेट छातीशी धरून आजी बाहेर आली. त्यातून अलापाती खड्या आवाजात गात होते.

"मेला म्हणता? मग हे कोण पाठवतंय?"

पौतोआने धावत येऊन टीव्ही तपासला आणि कपाळावर हात मारला. "अगं सिनिवा, टीव्हीला पाहुण्यांत बसवलंस तू!"

"मग काय, पाद्रीबाबांना घरच्यांचं उरलंसुरलं देऊ?" ती फणकारली. पाद्रीच आधी हसले.

टीव्ही घरच्यांत आला आणि अलापाती मोठ्या आवाजात गायले. सगळ्यांत जास्त रडली मेरिता. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. उलट तिने माझ्यावर शिंपल्यांची माळ घातली आणि वर आजीने विणलेलं जाड कापड पांघरलं. काय तर म्हणे, मान! अहो, माझ्या पंख्याची भोकं बुजली त्याने. गुदमरतोय मी!

मित्रांनो, मान नको, ते कापड काढा. आणि ते गाणं आजच्या आज आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. या वेळी मी मेलो नव्हतो. पण एक दिवस खरंच मरेन, आणि आजी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा बोट टेकवेल. तेव्हा तिला उत्तर द्यायला कुणीतरी हवं.