गोळीपेंडीच्या जाहिरातीतली शेळी

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे, पण मला साधीसुधी समजू नका. जेवता जेवता तुम्ही मला टीव्हीवर नक्की पाहिलं असणार. काळी कुळकुळीत, लांब लोंबते कान आणि कपाळावर पांढरा टिळा, ती मीच. माझं नाव चांदी. आमच्या धाराशिवच्या शेळ्यांचं नाव तसं दूरवर आहे, पण जाहिरातीत काम केलेली आमच्या तेर गावात मी एकटीच. हे मी नाही, माझी मालकीण गौराबाई सांगते, आणि ती सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

धाराशिवचा इंद्रजित जाहिराती तयार करतो. एकदा तेरणा नदीकाठच्या शेतात तो पाइपांची जाहिरात घेत होता. मी न बोलावता पाइपांच्या ढिगावर चढले आणि ऐटीत उभी राहिले. सगळे हुसकवायला धावले, पण इंद्रजित म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, लई झ्याक दिसायली." तिथून माझं नशीब उघडलं.

मग कामं येत गेली. साड्यांच्या जाहिरातीत मी नवरीच्या मागं उभी राहिले आणि पदर समोर लोंबत असूनही त्याला तोंड लावलं नाही. बियाण्यांच्या जाहिरातीत मला पिकातून हाकलून लावायचं होतं; ते कामही मी मन लावून केलं. एकाच गोष्टीचा राग आहे. माझं तोंड दाखवतात आणि आवाज मात्र भलत्याच शेळीचा लावतात. तो किरटा आवाज माझा नाही, एवढं लक्षात असू द्या.

मग गोळीपेंडीची, म्हणजे जनावरांच्या खाद्याची, जाहिरात आली. यात मुख्य काम माझंच होतं. घमेल्यातली पेंड मी आवडीनं खायची आणि शेजारी शेतकरी झालेल्या नटानं दोन वाक्यं बोलायची. इंद्रजितनं निरोप पाठवला होता की आदल्या संध्याकाळपासून मला उपाशी ठेवा, म्हणजे मी तुटून पडेन. तेव्हा माझी जुळी करडं महिनाभराची होती.

गौराबाईनं त्याला फोनवरच सुनावलं, "लेकुरवाळी हाय ती. तुमच्या फोटुपायी तिच्या लेकरांनी दुधाविना ऱ्हावं व्हय?" आणि मला रोजच्यासारखा पाला टाकला. खरं सांगते, मला तिचाच राग आला. एवढं मोठं काम हातचं जातंय की काय, असं वाटलं.

पण काम गेलं नाही. पहिल्याच वेळी मी पेंड अशी खाल्ली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरी पुन्हा घ्यायचं ठरलं, कारण ढग आला होता. मग नट वाक्य विसरला. मग घमेल्यावरचं नाव कॅमेऱ्याला दिसलं नाही. दर वेळी ताजी पेंड ओतायची आणि मी खायची. पोट भरलं होतं, पण "अजून एकदा" म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी हावरेपणानं नाही, मोठेपणाच्या नादानं खात होते.

नवव्या वेळी माझी डावी कूस ढोलासारखी फुगली. बाभळीखाली करडं धरून बसलेली गौराबाई ताडकन उठली. "बास करा! कूस बघा तिची."

"मावशी, शेवटचं एकदाच. ऊन चाललंय," इंद्रजित म्हणाला.

"ऊन उद्या येतंय. ही गेली तर ह्या दोघांला कोण पाजणार?"

तिनं मला बांधापाशी ओढलं, पुढचे पाय वर ठेवले, करडईचं तेल पाजलं आणि कूस चोळायला बसली. मला श्वास पुरेना. करडं ओरडत होती आणि मला ओ देता येईना. मित्रांनो, तेव्हा मला कॅमेरा आठवला नाही. ही दोघं दुधाविना कशी जगतील, एवढंच मनात येत होतं. इंद्रजितही सगळं टाकून माझे पाय धरून बसला. ऊन उतरलं तेव्हा मला एकदाचा मोठा ढेकर आला. गौराबाईनं माझ्या मानेला मिठी मारली आणि ती रडली.

महिन्यानं इंद्रजित मोबाइलवर जाहिरात दाखवायला आला. मी जेमतेम तीन सेकंद दिसते, पण काय दिसते! गौराबाईनं तीनदा पाहिली. मग इंद्रजित हळूच म्हणाला, "मावशी, शेवटी पहिलंच घेतलं. तेच सगळ्यात चांगलं होतं."

"मग बाकीचं आठदा कशापायी चारलंस रं?"

 तो मान खाली घालून माझ्या कानामागं खाजवत राहिला.

त्यानंतर त्याच्या कामात जनावराला पेंड एकदाच देतात आणि गौराबाई "बास" म्हणाली की कॅमेरा बंद होतो. माझे दात आता झिजलेत. कामावर माझी लेक जाई जाते, आणि खोटं कशाला बोलू, ती माझ्यापेक्षा बरी दिसते.

मित्रांनो, मी केलेल्या कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. टीव्हीवर एखादं जनावर मजेत खाताना, पळताना दिसलं तर खुशाल टाळ्या वाजवा, आम्हाला ते आवडतं. फक्त शेजारी बसलेल्या मोठ्या माणसांना एवढं विचारा, हे त्याच्याकडून कितव्यांदा करून घेतलं असेल?