जुजेच्या हातची झावळी

"उंदरांनी खाल्ली," नातालबाई म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या कैतानने नुसती मान हलवली. चर्चची घंटा, मेणबत्त्या, झाडलोट हे सगळं कैतानकडे होतं. शिवाय वर्षातून एकदा, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, घरोघर फिरून जुन्या झावळ्या गोळा करण्याचं कामही. झावळ्यांच्या रविवारी फादरांनी आशीर्वाद दिलेली माडाची पात लोक घरी नेतात, तिचा क्रूस विणतात आणि वर्षभर भिंतीवर तसबिरीमागे खोचून ठेवतात. आशीर्वादाची वस्तू उकिरड्यावर कशी टाकणार? म्हणून ती परत चर्चला द्यायची. तिची राख होते आणि बुधवारी सकाळी तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लागते.

कैतानची नजर आत गेली. मरीयामातेच्या तसबिरीमागे एक क्रूस दिसत होता. वाळून तांबूस झालेला, एक हात आखूड. जुजेनेच विणलेला, सांगायला नको. जुजेला मिठाची रास लावायला सांगा, चिखलाचा बांध घालायला सांगा. बारीक काम त्याच्या हाताला कधी बसलं नाही.

"यंदा उंदीर लय झालेन," कैतान म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

नातालबाईला ते जास्त लागलं. आपण एक खोटं बोललो ते बोललो, त्या बिचाऱ्यालाही बोलायला लावलं.

जुजे तिचा एकुलता. नवरा कधीच गेला होता, पण त्याच्यामागे हा होता. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात त्याच्या पायात गंजका खिळा गेला. त्याने तो उपटून फेकला, वर हळद दाबली आणि कामाला गेला. आठवड्याभरात दातखीळ बसली. मग काही उरलं नाही. लोक भेटायला आले, देवाची मर्जी म्हणाले. दुसऱ्याच्या घरात देवाची मर्जी लोकांना फार लवकर ओळखू येते.

तिने चर्च सोडलं नाही. रोज संध्याकाळी जपमाळही म्हणायची. पण सुरुवातीच्या प्रार्थनेत 'मेलेले पुन्हा उठतील' हे शब्द आले, की तिचं तोंड आपोआप मिटायचं. ते शब्द गाळून ती पुढे जायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला मात्र रोज ठाऊक असायचं, आणि त्याचाच तिला थकवा आला होता.

कोपरीच्या खाडीवरच्या मिठागरात तिच्या जोडीला ठमाबाई असायची. एकीने दुसरीच्या डोक्यावर पाटी चढवायची, असं दोघींचं कित्येक वर्षं चाललं होतं. दुपारी बांधावर भाकरी सोडताना नातालबाईने तिला सगळं सांगितलं.

"कनाला खोटा बोललीस?" ठमाबाईने विचारलं.

"त्याचे हातचा तेवराच हाय माज्याजवल. तो जालला तं मी बगू कनाकरं?"

ठमाबाईने घास गिळला. मग खाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "माजी पोर हौशी गेली तवा आमी राख या पान्यान सोरली. भरती आली न् गेली. आता त्याच पान्याचा मीठ काढताव. कनच्या पाटीन हाय ती, काय सांगू? तुमी तरी कपालाला लावताव."

उन्हं कलेपर्यंत दोघी पाट्या वाहत राहिल्या.

घरी येऊन तिने पाय धुतले, क्रूस तसबिरीमागून काढला आणि पदराखाली धरून टेंभी नाक्यावरून चर्च गाठलं. मागच्या आवारात कैतान घमेल्यात झावळ्या मोडून टाकत होता. अजून पेटवल्या नव्हत्या.

"गावली," ती म्हणाली.

कैतानने क्रूस पाहिला. "उंदरांनी ठेवली म्हनायची."

"एक हात तेवरा खाल्ला."

कितीतरी महिन्यांनी ती थट्टेत बोलली होती. पण क्रूस तिने हातातून सोडला नाही. "कैतान, ही येगली पेटव. हिची राख बाजूला ठेव. उद्या माज्या कपालाला तीच लावाला सांग फादरना."

"येगली नाय होत, बाय. समद्यांची एकाच घमेल्यान."

"मंग नाय देत."

"नको देऊ. जबरी नाय." कैतान पुन्हा झावळ्या मोडू लागला. घरोघरची वीण त्याच्या ओळखीची होती. "ही पेदरूची. त्याचे पोरीचे डोले गेले. ही रोजाबायची. तिचा घोव बोटीव गेला तो आलाच नाय. आनी ही माजी. आमचे घरान पालना बांधला तो तसाच रिकामा र्‍हायला." त्याने तीही मोडून टाकली. "समदी असाच कायतरी घेऊन येतान. मी फकस्त कारी लावतंय."

नातालबाईने घमेल्यात वाकून पाहिलं. तिला पेदरूचा राग होता. बांधावरून तो जुजेशी भांडला होता, मयताला येऊन मागेच उभा राहिला होता. त्याची मोडलेली झावळी घमेल्यात रोजाबाईच्या झावळीखाली पडलेली दिसत होती. तिने आखूड हाताचा तो क्रूस ओठांना लावला आणि स्वतःच आत ठेवला. मोडला मात्र नाही.

कैतानने काडी लावली. वाळलेल्या झावळीला जळायला कितीसा वेळ लागतो! पदर डोळ्यांना लावेपर्यंत सगळं संपलं होतं. ती रडली. मयताच्या दिवशीही रडली नव्हती इतकी रडली. कैतानने तिला रडू दिलं.

"हे राखंपासनं सुरू होतंय, बाय," शेवटी तो म्हणाला. "पुरं जाऊन ईस्टर हाय, देव मेलेल्यातून उठला तो दिस. उलटा असता तं मी घंटा वाजवाचा कवाच सोरला असता."

बुधवारी पहाटे चर्च भरलं होतं. फादर लॅटिनमध्ये पुटपुटत एकेकाच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढत होते. माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील, एवढा अर्थ नातालबाईला लहानपणापासून पाठ होता. अंगठा खरखरीत लागला. ती जागेवर येऊन गुडघे टेकून बसली आणि मग तिने आजूबाजूला पाहिलं.

वाडीवाल्या शेटजींच्या कपाळावर राख होती. रोजाबाईच्या होती. पेदरूच्या होती, आणि त्याने हाताला धरून आणलेल्या त्या आंधळ्या पोरीच्याही. सगळ्यांच्या कपाळावर थोडा थोडा जुजे होता आणि तिच्या कपाळावर त्या सगळ्यांचं काही ना काही. पेदरूने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने मान वळवली नाही.

फादरांची मिस्सा संपल्यावर बायकांनी जपमाळ सुरू केली. नातालबाईही म्हणत होती. पहिला मणी बोटांत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, ते शब्द मागे गेले होते आणि आज तिचं तोंड मिटलं नव्हतं. दुःख होतं तिथेच होतं. पण त्याच्याशेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

मिठागरात पोचायला उशीर झाला. ठमाबाईने तिच्या कपाळाकडे पाहिलं. ओल्या मिठाची पाटी चढवताना ती थांबली.

"थांब. राख पान्यान धुवून जाल." तिने नातालबाईच्या डोक्यावरची चुंबळ मागे सरकवली आणि स्वतःची काढून तिच्यावर ठेवली, म्हणजे पाटीचं पाणी पुढे गळणार नाही.

"आनी तुना?"

"माज्या कपालाव काय हाय?"

नातालबाईने अंगठा आपल्या कपाळाला टेकवला आणि तो ठमाबाईच्या कुंकवाच्या जरा वर, हलकेच लावला.

"हौशीची," ती म्हणाली.

ठमाबाईने डोळे पुसले, कपाळ पुसलं नाही. मग पदराचीच चुंबळ करून तिने पाटी घेतली आणि दोघी बांधाने राशीकडे चालू लागल्या.