उतरलेलं वजन

ताईने काखेत धरलेली चिमुकली बाटली काढून बारक्याच्या मोज्यात सारली आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याच्या बुटाची नाडी नव्याने बांधायला घेतली.

"गरम लागतेय," बारक्या म्हणाला.

"थंड असती तर पेल्याला हात लावताच पकडलं असतं तुला. हलू नकोस."

बोळात मुष्टियोद्ध्यांची रांग लागली होती. सगळ्यांच्या अंगावर जाडजूड जाकिटं आणि हातात कागदी पेले. पेल्यात ते थुंकत होते. थुंकीलाही वजन असतं. आधी लघवीचा नमुना द्यायचा आणि अंगात पुरेसं पाणी आहे असं ठरलं तरच वजनकाट्यावर चढायचं, असा नियम होता. हलक्या गटात बसण्यासाठी जे स्वतःला वाळवून आणतात त्यांना अडवायला तो केलेला होता. म्हणजे सगळ्यांनाच.

बारक्याची ही शेवटची संधी. आज लढून जिंकला तर संघात जागा, नाहीतर पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार. कालपासून त्याने घोटभरही पाणी प्यायलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या नमुन्याला काळ्या चहाचा रंग आला असता. ताई मात्र हल्ली दिवसभर पाणीच पीत असायची. म्हणून नमुना तिचा.

ताई एकेकाळी स्वतः लढायची, आता भावाला शिकवायची. त्यांच्या घरात दारातच वजनकाटा होता आणि आल्यागेल्याची विचारपूस त्यावरच व्हायची. वजन उतरलं की शाबासकी, चढलं की अबोला. गेल्या काही महिन्यांत ताईचं उतरत गेलं. तिला शाबासकीच मिळाली. "उपाशी हा राहतो आणि वाळतेस तू," आई कौतुकाने म्हणायची आणि तिला आणखी वाढायची. बारक्या समोर बसून काकडीची फोड चघळायचा आणि मनातून जळायचा.

नमुना देताना साक्षीदाराने डोळ्यांत तेल घालून बघणं अपेक्षित होतं. तो भिडस्त माणूस होता. त्याने छताची पाहणी केली.

डॉक्टरांनी पेल्याला बोट लावून ऊब बघितली, मान डोलावली. दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्राच्या काचेवर एक थेंब सोडला आणि ते उजेडाकडे धरून डोळा लावला. मग काच पुसली. पुन्हा थेंब सोडला. पुन्हा डोळा लावला.

ताईने हातातल्या मोठ्या बाटलीतून दोन घोट घेतले.

"गंमत आहे," डॉक्टर म्हणाले. "रंग बघावा तर नळाचं पाणी. दाटपणाचा आकडा मात्र भलताच वर. यात काहीतरी विरघळलंय."

"यंत्र बिघडलं असेल," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी साध्या पाण्याचा थेंब टाकून बघितलं. यंत्र शहाण्यासारखं शून्यावर आलं. त्यांनी खणातून एक कागदी पट्टी काढली आणि पेल्यात बुडवून घड्याळाकडे बघत थांबले. पट्टीवरचा निळसर चौकोन हिरवा झाला, मग तपकिरी, मग त्याहून गडद.

"साखर," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "भरपूर. तहान फार लागते का हो तुम्हाला?"

एरवी बारक्याला हसू आलं असतं, पण त्याचे ओठ एकमेकांना चिकटले होते.

"लागते."

"रात्री सारखं उठावं लागतं? खाऊनपिऊन वजन उतरतंय?"

बारक्या ताईकडे बघत होता. तिच्या अंगावर संघाचं जुनं जाकीट होतं. एकेकाळी खांद्यात उसवायला आलेलं ते जाकीट आता खुंटीला अडकवल्यासारखं लोंबत होतं.

"पेला खराब असेल," ताई घाईने म्हणाली. "कुणीतरी सरबत प्यायलं असेल त्यात."

"असेलही. दुसऱ्या नमुन्याची सोय नियमात आहे. तो साफ निघाला तर मी पहिला विसरेन, हा काट्यावर चढेल." डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. "पण हे खरं असेल, तर या माणसाला आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं. उद्या नाही. असा माणूस हिंडता-फिरता बेशुद्ध पडतो."

ताईने भावाला दंडाला धरून दाराशी नेलं.

"तो अगडबंब गटातला आहे ना, त्याच्याकडून आणते," ती कुजबुजली. "त्याला वाळायची गरज नाही, पितो मजेत. दहा मिनिटं कळ काढ."

"ताई, ती साखर—"

"मला काही झालेलं नाही. बारीक झालेय फक्त. लोक त्यासाठी पैसे भरतात. तुझी लढत होऊ दे, मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"तू जिंकलास की."

"आणि मग संघाचं शिबिर. मग पुढची स्पर्धा."

ताईने सवयीने बाटली तोंडाकडे नेली. बारक्याने ती तिच्या हातातून काढून घेतली.

पहिला घोट घशात टोचला. दुसरा नाही.

"अरे, काटा..." ताई म्हणाली. एवढंच.

तो थांबला नाही. बाटली हलकी होत गेली, तो जड होत गेला. शेवटचा थेंब संपल्यावर त्याने तोंड पुसलं, खाली वाकून मोज्यातली चिमुकली बाटली काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"तहान हिला लागते, डॉक्टर. रात्री सारखी उठतेसुद्धा."

डॉक्टरांनी टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं, मग ताईच्या लोंबत्या जाकिटाकडे.

"म्हणजे तुम्ही बाद," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी खुर्ची ओढली, ताईला बसवलं आणि तिचं बोट हातात घेऊन सुई शोधू लागले. ताई भिंतीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

बारक्या रिकामी बाटली घेऊन बाहेर पडला. बोळाच्या टोकाला नळ होता. तो बाटली काठोकाठ भरून परत आला, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांचं थुंकणं थांबलं आणि त्यांच्या नजरा त्या पाण्याबरोबर दारापर्यंत गेल्या.