फोटोपुरती वर केलेली खाट

मी सरकारी दवाखान्यातली खाट बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय. बायकांच्या वॉर्डात कण्हणं ऐकण्यात आयुष्य गेलं, गोड बोलणं आता जमत नाही.

रंग उडालाय, एक चाक अडतं. पण दांडा फिरवला की माझी डोक्याकडची बाजू अजून वर उचलली जाते. वॉर्डात असं होणारी मी एकटीच, बाकीच्यांनी केव्हाच अंग टाकलंय. म्हणून धाप लागलेली बाई आली की सिस्टर तिला माझ्यावरच ठेवायच्या.

शेवटची आली ती शिवणकाम करणारी एक मावशी. आडवं केलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. लेक दांडा फिरवत विचारायची, "आई, एवढं बास?"

"अजून जरा. हां, आता मी राणी."

मग नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. इमारत झाली होती, खाटा आल्याच नव्हत्या. बडा घर पोकळ वासा. मंत्रीसाहेब येणार म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, जुन्या वॉर्डातल्या धड खाटा तिकडे न्या.

"सर, त्यांच्यावर पेशंट आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"तासाभराचा प्रश्न आहे. खाली गाद्या टाका."

मावशीला खाली उतरवलं. तिला आडवं होता येईना, म्हणून लेक तिच्या पाठीला पाठ लावून बसली. मला पुसलं, नवी चादर घातली आणि ढकलत नेलं. चाक मी मुद्दाम अडवत होते, पण खाटेचं कोण ऐकतो?

साहेब आले. "गोरगरिबांना आता जमिनीवर झोपावं लागणार नाही," म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग माझा दांडा फिरवत, हसत फोटो काढून घेतला. मेल्याला स्वतःला साधी शिंक आली तरी खासगी दवाखान्यात पळतो.

तेवढ्यात आईला शेजारणीच्या अंगावर टेकवून लेक तिथे आली. ओरडली नाही. म्हणाली, "साहेब, ही माझ्या आईची खाट आहे. फोटो झाला असेल तर नेऊ का? तिला श्वास घेता येत नाहीये."

"बघा जरा यांचं," साहेब डॉक्टरांना म्हणाले आणि गाडीत बसले.

"आता ही नव्या इमारतीची म्हणून दाखवलीय," डॉक्टर लेकीला म्हणाले. "वरून विचारल्याशिवाय हलवता येणार नाही."

वरून उत्तर यायच्या आत मावशी लेकीच्या पाठीला टेकूनच गेली. लेकीला लगेच कळलंही नाही, ती विचारतच होती, "आई, एवढं बास?" सिस्टर हे नव्या इमारतीच्या दाराशी कुणाला तरी सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं.

आता त्या दाराला कुलूप आहे. आत ना डॉक्टर, ना पेशंट. भिंतीवर साहेबांच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत. ते पुन्हा तुमच्या दारात मत मागायला येतील, तेव्हा हात जोडायच्या आधी त्यांना विचारा, मावशीची खाट कुठे आहे?

मी इथेच आहे. साहेबांनी वर केलेली बाजू कुणी खाली केली नाही. मावशीला लागायची तेवढी ती वर नाही, जरा कमीच आहे. फोटोला तेवढी पुरली.