मुळीत काही नाही

"रडते त्या लेकराची फिकीर नको करू, बाई. जे रडतच नाही, त्याच्यापाशी बसून राय." माझ्या लेकीला तेल लावताना सोजराबाईनं मला सांगितलं होतं. सोजराबाई आमच्या देऊळघाटची सुईण, अंगठाबहाद्दर. मी इंटर सायन्स झालेली. मी हसले, आणि रडणाऱ्या लेकीला घेऊन गावात आलेल्या महाराजांच्या रांगेत उभी राहिले.

एकाहत्तर सालची गोष्ट. दर गुरुवारी अंगणभर बायका, कडेवर तान्ही आणि नुसता आकांत. पाटावर बसलेले महाराज 'कैलासावरची मुळी' सहाणेवर तीनदा उगाळत, गुळाच्या पाण्यात कालवत आणि शिंपलीभर प्रत्येकाच्या तोंडात सोडत. "रडते कोन? लेकरू? नाही, माय! मांगच्या जन्माचा आत्मा रडते. त्याले मी दार दाखोतो!" अर्ध्या तासात आकांत थांबे, अंगणच्या अंगण निजे. बायका पाया पडत.

मी अगदीच डोळे मिटून गेले नव्हते. अफू तर नाही ना, एवढ्या शंकेनं ते पाणी मी खामगावला तेलाची तपासणी करणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं. अफू असती तर त्याच्या आम्लात जांभळा रंग यायला हवा होता. आला नाही. 'अफू आढळली नाही' असा शिक्क्याचा कागद आला, आणि मी मूर्खासारखा तो महाराजांना दाखवला. त्यांनी तो चौकटीत बसवून पाटामागे टांगला. "वाचा! सायन्सवाल्या बाईचा कागद हाय!"

शेजारची कोकिळा तोवर जात नव्हती. कागद बघून म्हणाली, "वैनी, तुमी तपासून आनलं म्हून जातो बरं."

तीन आठवड्यांनी माझी लेक दूध प्यायची विसरली. दोन घोट, की मान टाकायची. माझा मामेभाऊ पंजाबराव मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होता, तो सुट्टीवर आला. त्यानं तिला उन्हात धरून पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"काय पाजून राह्यली तू हिले?"

"तपासलंय मी. कागद आहे."

"कागद चुलीत घाल. अफूनंच बाहुली अशी आकसते. आधी बुलढाण्याले चाल!"

दवाखान्यात लेक वाचली. परतल्या पावली मी कोकिळाकडे गेले, हात जोडले. ती हसली. "तुमची पोरगी अशक्त असंन, वैनी. माह्या पोराले तं मस्त झोप लागते. अन् कागद तुमचाच हाय ना?"

सोजराबाईनं पाया पडायच्या निमित्तानं मुळीचा बोटभर तुकडा आणि महाराजांची एक वापरलेली शिंपली पदरात बांधून आणली. तो तुकडा आणि शिंपलीच्या तळाला वाळलेलं औषध घेऊन पंजाबराव मुंबईला गेला. तिथे मोठ्या चुंबकाचं एक यंत्र होतं. चुंबकात नळी ठेवली की तिच्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या जागी बारीक साद देतो, आणि यंत्र ती कागदावर उंचवट्यासारखी काढतं. पहिल्या खेपेला फक्त गूळच बोलला. मग त्यानं क्लोरोफॉर्मनं गुळातून सत्त्व ओढून काढलं, आटवलं, आणि तेच मोजमाप हजारदा करून बेरीज केली. पत्रात त्यानं लिहिलं होतं: 'भरल्या बाजारात कोणी तुझं नाव पुटपुटलं तर एकदा ऐकू येत नाही. पण गोंगाट दर वेळी वेगळा असतो, नाव तेच असतं. हजार वेळा एकावर एक रचलं की गोंगाट आपसात जिरतो, नाव वर येतं. इथे अफूचं नाव वर आलं.'

पंजाबराव गेल्याच्या अकराव्या दिवशी पत्र आलं. कोकिळाचं लेकरू नवव्या दिवशी निजलं, ते उठलं नाही.

पुढच्या गुरुवारी पंजाबराव मुंबईहून आला, महाराजांच्या अंगणात उभा राहिला आणि 'मुळीत अफू आहे' असा यंत्राचा कागद त्यानं पुढे केला. महाराज डगमगले नाहीत. "काल यांचाच कागद म्हने नाही, आज यांचाच कागद म्हने हाय! सायन्सले ताप आला काय बे?" माणसं हसली.

पंजाबरावानं दोन काचनळ्या काढल्या. दोन्हींत महाराजांच्याच घागरीतलं गुळाचं पाणी ओतलं. अफू खायचा सरकारी परवाना असलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून अफू मागून घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकीत टाकली. पाठ फिरवून नळ्यांची अदलाबदल केली, मग दोन्हींत खामगावच्या तपासणीतलं तेच आम्ल सोडलं. दोन्ही काळ्याकुट्ट झाल्या.

"आता सांगा, अफू कोन्या नळीत हाय?"

दोन्ही नळ्या त्यानं महाराजांपुढे धरल्या, मग बायकांपुढून फिरवल्या.

"गूळ जळते अन् सारं काळं करते. जांभळं दिसंन कुठून? तपासनी आंधळी होती. मुळी कैलासावरची नाही, वावरातली. अफूच्या पान्यात भिजवून वाळवलेली."

कोकिळा उठली. भिंतीवरची चौकट तिनं काढली आणि माझ्या हातात दिली. "हे घेऊन जा तुमचं." एवढंच.

महाराज त्याच संध्याकाळी चिखलीच्या रस्त्यानं पसार झाले. मुळीसकट.

तो आज कोणत्या गावी पाटावर बसलाय, मला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे. कोणी म्हणालं, 'तपासलं, काही निघालं नाही', तर विचारा, कशानं तपासलं? त्या तपासणीला ते दिसलं तरी असतं का? मी विचारलं नाही. शिक्का बघितला आणि विचार करणं थांबवलं.

आणि एक काम आजच करा. तुमच्या आळीत एखादी पहिलटकरीण असेल, 'माझं बाळ कसलाच त्रास देत नाही' असं कौतुकानं सांगणारी. तिच्याकडे जा. बाळाला दारातल्या उजेडात घ्या, पापणी उचलून बाहुली टाचणीच्या टोकाएवढी तर झाली नाही ना ते बघा, सकाळपासून दूध किती प्यायलं ते विचारा. ती रागावली तरी चालेल. पण जा.