दुसऱ्या नळीतली गोळी

मी एक जुनी दुनळी रायफल आहे. मित्रांनो, दचकून मागे सरकू नका, आणि पुढे तर मुळीच येऊ नका! मी कुलपात आहे, रिकामी आहे, माझी काडतुसं वेगळ्या कपाटात आहेत. तरीही माझ्यासारखीला लांबूनच बघायचं असतं. तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि ऐका.

माझा जन्म विलायतेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला दोन नळ्या आणि दोन चाप. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराने महिनाभर माझ्याशी झटापट केली. त्याच्या मिशांना तेलाचा वास यायचा. मला तो वास अजून आठवतो.

बोटीतून मी हैदराबादला आले आणि तिथून आदिलाबादला, महिपतराव पेशकारांच्या घरी. ते निजामाच्या तहसिलीतले रुबाबदार अंमलदार, पण हात आखूड! माझा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं लाकूड, त्यांच्या हाताला लांब पडे. त्यांनी सरळ मला निर्मलच्या सुताराकडे नेलं आणि दस्ता तीन बोटं कापून घेतला. अहो, काय सांगू, त्या दिवशी मला रडूच कोसळलं! त्यानंतर सगळे मला 'पेशकारांची बुटकी' म्हणू लागले.

पण ते दिवस खरंच सुखाचे होते. दिवाळी सरली की बैलगाड्या निघत. सागाच्या पानांवर दव पडलेलं असे, चहाचं आधण चढलेलं असे, आणि महिपतराव मला मऊ फडक्याने पुसत पुसत गुणगुणत. नेम लागला की लोक तोंडात बोटं घालत आणि मी कौतुकाने फुगून जाई. खोटं कशाला बोलू? तेव्हा मला त्या जनावरांची दया आली नाही. आता वाटतं, नेमापेक्षा ते जंगलच जास्त मोलाचं होतं. तेवढं दाट जंगल आता इथे उरलं नाही.

महिपतराव गेले. बाहत्तर साली शिकारीवर बंदी आली. मी मंचेरियलच्या एका हत्यारांच्या दुकानात जमा झाले आणि पन्नास वर्षं तिथेच पडून राहिले. दुकानदार चिंतामणी मला दसऱ्याला तेवढं तेल देई आणि हळदकुंकू वाही. गिऱ्हाईक येई, मला खांद्याला लावून बघे, हसे आणि परत ठेवून देई. बुटकी कुणाला हवी! मला वाटायचं, एक दिवस मोडीत जाणार मी. रात्रंदिवस तोच घोर लागलेला असायचा.

मग गेल्या वर्षी सुधाकरराव आले. वय अडुसष्ट. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत बत्तीस वर्षं सुरुंग उडवण्याचं काम केलेलं, आता नेरडीगोंड्याजवळच्या आपल्या गावी राहत होते. बोटांचे सांधे सुजलेले, हाताला सतत बारीक कंप. सोबत बायको आशाबाई. त्यांची नजर अशी की माझ्या नळीतला गंजही शोधून काढतील.

"एकनळी हाय तुमच्यापाशी, मंग दुनळी काऊन पाह्यजे?" चिंतामणींनी विचारलं.

सुधाकररावांनी सगळं सांगितलं. गावातल्या ज्वारीत रानडुकरं धुमाकूळ घालत होती. तेवढ्यापुरती सरकारी परवानगी सुधाकररावांना मिळाली होती. त्यांनी एकनळीतून एक डुक्कर जखमी केलं आणि ते उलटलं. दुसरं काडतूस भरायला गेले, तर बोटं वळेनात. काडतूस मातीत पडलं. तेवढ्यात डुकराने शेजारच्या तरण्या देवाजीची मांडी फाडली. देवाजी वाचला, पण जन्माचा लंगडा झाला.

"माह्या हातानं झालं ते," सुधाकरराव म्हणाले. "दुसरी गोळी आधीच भरलेली असती, तर पोरगं लंगडं नसतं झालं. एक डाव तरी कोणाले इजा न होता डुक्कर पाडाचं हाय. नाही जमलं, तर बंदूक ठाण्यात जमा करून टाकतो."

चिंतामणींनी एकेक दुनळी समोर ठेवली. पहिली देखणी, पण इतकी वजनदार की उचलताना सुधाकररावांचं मनगट लटपटलं. दुसरी उघडायचा खटका असा घट्ट की त्यांचा अंगठा लाल झाला. तिसरी मात्र फुलासारखी हलकी आणि तिचा चाप नुसता बोट लागताच सुटणारा. सुधाकररावांचा चेहरा खुलला. "हेच! बोटाले जोर लावाच नाही लागत."

"आणि हिसक्याचं काय?" आशाबाई म्हणाल्या. "जितकी हलकी, तितकी खांद्यावर आदळन. अन् तुमचे हात बसल्या बसल्या कापून राह्यले. अशा हाताले इतका हलका चाप? उद्या तुमी शिंकले तरी उडन ते!"

चिंतामणी खो खो हसले आणि त्यांनी कोपऱ्यातून मला काढलं. सुधाकररावांनी मला उचललं. वजन बेताचं, आणि तेही दोन हातांच्या बरोबर मध्ये. खटका वापरून वापरून सैल झालेला. आणि तो माझा कापलेला दस्ता! म्हातारपणी आखडलेल्या त्यांच्या खांद्यात तो असा अलगद बसला की मान वाकडी करावीच लागली नाही. नळीच्या टोकाची पांढरी माशी, म्हणजे नेम धरायचा ठिपका, त्यांना चष्म्यातून लख्ख दिसली. ज्या उणेपणावर जग पन्नास वर्षं हसलं, तोच त्या घडीला कामी आला.

"पण हिचा मागचा चाप लई कडक हाय," ते कुरकुरले.

"घासून हलका करून देऊ?" चिंतामणींनी विचारलं.

"हात नका लावू त्याले," आशाबाई म्हणाल्या. "कडक हाय तेच बरं. मन लावून वढलं तरच सुटलं पाह्यजे."

मग सुरू झाल्या तहसिलीच्या चकरा, दरख्वास्ती, शिक्के. शेवटी इजाजत मिळाली आणि मी घरी आले. दोन महिने रोज सकाळी सुधाकरराव अंगणात उभे राहून रिकाम्या काडतुसांवर सराव करत. पुढचा चाप, मग बोट मागे. आशाबाई तूर पाखडता पाखडता ओरडत, "बोट लवकर नेऊ नका, बरोबर न्या!" इतक्या वर्षांनी मला कुणीतरी रोज हातात घेत होतं. मी किती सुखात होते म्हणून सांगू!

पौषातल्या एका सकाळी नुकतंच उजाडलं होतं. ज्वारीत डुकरं शिरल्याचा निरोप आला. चारपाच जण दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डबे वाजवत हाका घालणार, म्हणजे डुकरं हुसकून काढणार होते. त्यांत देवाजीही होता. सुधाकररावांनी खाणीतल्या शिस्तीने बजावलं, "हे दुनळी हाय. मी हाक देईपर्यंत कोणी धुऱ्यावरून खाली उतराचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

डबे वाजले. ज्वारी सळसळली आणि दांडगं डुक्कर बाहेर आलं. माझी उजवी नळी उडाली. डुक्कर कोसळलं, पण पुन्हा उठलं. सुधाकररावांचं बोट मागच्या चापावर गेलं, अगदी बरोबर गेलं. आणि तेवढ्यात डुकराच्या पलीकडून ज्वारी बाजूला सारत देवाजी लंगडत बाहेर आला!

का आला? मित्रांनो, सवय! गावात वर्षानुवर्षं एकनळीच होती. एक बार झाला की बंदूक रिकामी, मग खुशाल पळत सुटायचं. सांगितलेलं डोक्यात राहिलं, पाय मात्र जुन्या सवयीने धावले.

माझ्या समोर डुक्कर, आणि त्याच्या मागे देवाजी. सुधाकररावांचं आखडलेलं बोट चापावर वळलं होतं आणि ते झटकन सरळ होईना. हात थरथर कापत होता. तो कंप माझ्या चापावर पडत होता, एकदा, दोनदा, तीनदा. मी सगळा जीव एकवटून चाप धरून ठेवला. त्या तिसऱ्या बंदुकीचा हलका चाप असता तर? नको, ते मला बोलवतही नाही.

त्यांनी माझी नळी जमिनीकडे वळवली. डुक्कर नाल्याच्या दिशेने गेलं.

"काऊन नाही मारलं, काका?" लोक ओरडले. "दुसरी गोळी होती ना!"

सुधाकरराव धुऱ्यावर बसले. डुक्कर पन्नास पावलांवर नाल्यात मरून पडलेलं सापडलं, पण ते बघायलाही उठले नाहीत. त्यांनी मला उघडलं. डाव्या नळीतलं काडतूस त्यांच्या बोटांनी निघेना. देवाजी खाली बसला आणि त्याने ते काढलं. ते न उडालेलं बघून, आपण भरलेल्या नळीसमोर आलो होतो, हे त्याला उमगलं.

"जमा करून टाकतो आज बंदूक," सुधाकरराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "हे हात कामाचे नाही राह्यले, देवाजी."

देवाजीने ते सुजलेले हात आपल्या हातांत घेतले. "आज याच हातायनं वाचलो मी. चूक माही होती, काका. जमा नका करू. पुढच्या हाक्यालेही मीच येतो. अन् तुमी हाक दिल्याबिगर हलत नाही."

मित्रांनो, मला तेल द्या, गंजू देऊ नका, हे तर मी मागणारच. पण तुमच्या घरात कापणारे हात असतील, तर त्यांच्याकडून काम हिसकावून घेऊ नका. विळी असो, लेखणी असो, त्या हातांना झेपेल अशी शोधून द्या आणि त्यांच्याजवळ थोडं बसा. बत्तीस वर्षं सुरुंग उडवलेल्या त्या हातांनी मला निवडलं, आणि एका सकाळी चाप ओढला नाही. देवाजी काल संध्याकाळी इथेच चहा पिऊन गेला.