हात लावू नये

मित्रांनो, नखाएवढ्या चकतीवर चिकटून बसलेली मी एक जुनी चुंबकी फिल्म आहे. वरून दिसते ती नुसती चकाकी. पण माझ्या पोटात दोन धातूंचे थर आलटून पालटून बसले होते, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.

मला ताईने घडवलं. ताई म्हणजे या प्रयोगशाळेतली संशोधक. माझ्याआधीची भावंडं बिघडली. साधली ती मी एकटी. म्हणून तिने माझ्या डबीवर चिठ्ठी चिकटवली : ‘हात लावू नये’.

माझा गुण ऐका. थंड असताना माझे थर अबोला धरलेल्या जावांसारखे. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. त्यामुळे बाहेरून चुंबकत्व शून्य. हळूहळू तापवलं, की ठरावीक उष्णतेला साऱ्याजणी अचानक एकाच दिशेला तोंड करत आणि मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारे. बर्फाचं पाणी व्हावं, तसंच हेही अवस्थांतर. निवले, की पुन्हा अबोला.

हा गुण कळला आणि माझे ग्रह फिरले. विभागप्रमुख सरांकडे कोणीही आलं, की आधी चहा, मग मी. चिठ्ठी वाचणारे पुष्कळ, पाळणारी एकटी ताई.

परीक्षकांनी तिला कळवलं होतं, हेच मोजमाप याच फिल्मवर आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा. तिची पदवी त्यावरच अडली होती. ते येणार, त्याच्या आदल्या दिवशी सरांचे पाहुणे टपकले.

“हे काय, नुसती काच?” एकजण म्हणाले.

सरांना ते लागलं. “थांबा, गंमत दाखवतो!” म्हणत त्यांनी उष्णतेचं बटण भरकन फिरवलं.

“सर, हळू! एवढं नाही सोसत तिला.”

“अगं, पाहुण्यांची गाडी खाली उभी आहे. तुझी नाजूक नवरी नंतर सांभाळ!”

सगळे हसले. रेघ उडाली, टाळ्या पडल्या. मग रेघ खाली बसली. माझे थर एकमेकांत मिसळून गेले होते. आता तोंड फिरवायला वेगळं कोणी उरलंच नव्हतं.

पाहुणे गेल्यावर ताईने मला निववलं, पुन्हा तापवलं. परत निववलं, परत तापवलं. रेघ आडवीच.

“दुसरी कर की,” सर जाताजाता म्हणाले. “नखाएवढी तर आहे.”

परीक्षक आले, आडवी रेघ पाहून गेले. नवी भावंडं करता करता ताईची मुदत संपली. एकही साधलं नाही. निघताना तिने माझी डबी ओढणीने पुसली आणि फळीवर ठेवली.

मित्रांनो, कौतुक जरूर करा. पण ज्याचं करायचं त्याला किती सोसेल, हे आधी त्याच्या माणसाला विचारा. माझ्या डबीवर ती चिठ्ठी अजून आहे. आता मात्र सगळे ती पाळतात.